कुशाबाचे बुडालेले बांबू

कुशाबा फाल्याकडे बांबू मागायला जाणं म्हणजे स्थळ घेऊन जाण्यासारखंच होतं. बांबू कुणाला हवा, कशाला हवा, बांधणार कुठं, वर छप्पर कसलं, खाली ओल किती, हे सगळं विचारून झाल्याखेरीज तो बेटाच्या दिशेला पाऊलही टाकायचा नाही. टोमॅटोला काठ्या पाहिजेत म्हणून आलेल्या एकाला त्याने चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. टोमॅटो उभा करायला कसलाही फाटा चालतो, त्याला माझा बांबू कशाला, असं त्याचं म्हणणं.

कोळवण खोऱ्याच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने त्याची कळकाची, जाड बांबूची, बेटं होती. आजूबाजूची भाताची खाचरं एकेक करून शहरातल्या लोकांनी घेतली, तारेची कुंपणं आली, फार्महाऊसं उठली. बेटांना मात्र कुशाबाने कुणाचा हात लागू दिला नाही. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्याच्या पंधरवड्यात बांबूच्या अंगात रस चढलेला असतो, तेव्हा तोडला तर कीड लागते आणि वर्ष सरायच्या आत पिवळा भुसा गळायला लागतो, हे त्याला बापाने सांगितलं होतं. गावात कुणाच्या तिरडीला बांबू लागला तर तेवढ्यालाच तो पंधरवडा बघायचा नाही. त्याला टिकायचं नसतं, म्हणायचा.

आणि माणूस अगदी घरचा असेल तर कुशाबा आणखी एक काम करायचा, ज्याचे तो पैसे कधी घेत नसे. बांबूच्या प्रत्येक गाठीत आतून एक पडदा असतो. लांब लोखंडी गज तापवून तो दोन्ही टोकांकडून आत घालायचा आणि एकेक पडदा फोडून सबंध बांबू नळीसारखा आरपार मोकळा करायचा. मग तो ओढ्यात दगडाखाली ठेवायचा. वाहतं पाणी आतून फिरून सगळा रस धुऊन न्यायचं. सावलीत वाळला की दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकून वरून डांबर. त्याच्या गोठ्यावर असे बांबू होते, ते त्याच्या लग्नाच्या आधीपासूनचे. म्हातारपणी माणसाला कशाचा तरी गर्व असावा, कुशाबाला ह्याचा होता.

ओढ्यात बांबू 'बुडवला' असं मात्र तो कधी म्हणायचा नाही. 'निजवला' म्हणायचा. त्याला कारण होतं. पाण्याचं आणि फाल्यांचं जुनं वाकडं होतं. त्याच्या आज्याचं घर, शेत, देवाचा माळ, सगळं मुळशीच्या धरणाखाली गेलेलं. आजा लहानग्या कुशाबाला खांद्यावर घेऊन धरणाच्या काठाला न्यायचा आणि पाण्यात बोट रोखून म्हणायचा, "ते बघ, तितं आपलं बांधावरचं आंब्याचं झाड." कुशाबाला नुसतं पाणीच दिसायचं. तेव्हापासून त्या घरात बुडणं हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. भांडं विहिरीत पडलं तर ते 'गेलं'. सूर्यसुद्धा 'मावळायचा'. सून म्हणून आलेल्या त्याच्या बायकोला, चंद्रकलेला, पहिल्याच महिन्यात हे समजलं आणि तिनेही पाळलं.

समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. ताम्हिणी घाट उतरला की कोकण आणि त्याच्या पुढे समुद्र, एवढं ठाऊक होतं, पण एक धरण बघून ज्याचं पोट भरलं तो समुद्र कशाला बघायला जाईल? समुद्र त्याच्या घरी यायचा तो लीलाबाईच्या पाटीतून. लीलाबाई श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका खाडीवरची कोळीण. दरसाल पाऊस लागायच्या आधी सुकट-बोंबील घेऊन घाट चढून यायची आणि फाल्यांच्या ओटीवर आंबेमोहोर तांदळाच्या बदल्यात मासळी मापून द्यायची. भावबहिणीसारखं नातं झालं होतं. भांडणंही तशीच व्हायची. "तुझं माप आतनं दबलंया, बाय," कुशाबा म्हणायचा. "तुझा तांदूल फुगलाय, दादा," लीलाबाई म्हणायची.

अलीकडे मात्र तिची पाटी हलकी होत चालली होती. मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, सुकी मासळी विकायचा हंगाम नसताना, ती आली. पाटी नव्हती. बरोबर सून होती, शुभांगी. पाठोपाठ मुलगा मनीष. मनीषला कुशाबा ओळखत होता. खाडीत जाळ्याला काही लागेना म्हणून तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवायला आला होता आणि घोटावड्यात खोली घेऊन राहत होता.

"मामा, तराफ्याला बांबू हवेत," शुभांगी म्हणाली.

कुशाबाने नेहमीचे प्रश्न सुरू केले. कुठं बांधणार? पाण्यावर. वर छप्पर काय? काही नाही. मग खाली काय? खाली दोर टांगायचे आणि दोरावर शिनाणी लावायची. शिनाणी म्हणजे हिरव्या कवचाची लांबट शिंपली, खडकाला चिकटलेली असते, आत गोड मांस. तिची बारकी पोरं खडकावरनं खरवडून आणायची, दोराभोवती सुती फडक्यात गुंडाळायची आणि पाण्यात सोडायची. उन्हाळ्यापर्यंत बोटाएवढी होतात. खाडीवरच्या बायकांनी मिळून हे करायचं ठरवलं होतं.

"खत कंचं घालायचं?"

"नाय घालायचं."

"खाणं?"

"तेपण नाय. पाण्यात जे असतं तेच गालून खातात. उलट पाणी साफ होतं. पाणी साफ झालं की बारकी मासळी परत येते, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय."

"मंग तुमी काय करायचं?"

"टांगून ठेवायचं आणि बायकाबायकांत भांडायचं नाय," लीलाबाई म्हणाली. "तेच कठीण."

सगळे हसले. शुभांगी हसली नाही. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, हे पीक आलं तर हे घरी येतील. नाय आलं तर होडी विकायची ठरलीय."

मनीष खाली बघत चहा प्यायला. कुशाबाने पुढे काही विचारलं नाही. उठून बेटाकडे गेला आणि एकेका बांबूवर बोटाची पेरं वाजवून बघायला लागला.

हे त्याचं घरचंच काम होतं, म्हणजे कसर ठेवायची नव्हती. कार्तिकातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात त्याने निवडून कळक तोडले आणि गज तापवला. एकेका बांबूतले सगळे पडदे फोडले, ओढ्यात निजवले, वाळवले, तोंडं बंद केली, डांबर लावलं. हात भाजले, पाठ मोडली. चंद्रकला म्हणाली, "अवं, त्येंनी एवढं मागितलं न्हवतं." कुशाबा म्हणाला, "मागितलं न्हाई म्हणूनच." मनीष मित्राची पिकअप घेऊन आला, बांबू भरून खाली गेला. कुशाबा कितीतरी दिवस खुशीत होता.

माघात फोन आला.

"मामा, तुमचा बांबू बुडला," शुभांगी म्हणाली.

त्या घरात तो शब्द असा फोनवरनं आला. कुशाबाला आधी संताप आला. "माजा बांबू बु… तसं हुयाचं न्हाई. तुमीच बांधाय चुकला असाल."

"चार कोपऱ्यांना पिंपं हायेत म्हणून कडा वर हाय. मधला सगला तराफा खाली गेलाय. शिनाणी वाढली, भार वाढला, आणि एकेक बांबू भरत गेला. दोर चिखलाला टेकलेत. चिखलात गुदमरून मरतात ती. खालची मरायला लागलीत."

कुशाबाने फोन चंद्रकलेकडे दिला आणि ओढ्यावर गेला. उरलेला एक आरपार केलेला बांबू घेतला, एक कोरा घेतला, दोन्ही डोहात सोडले. दोन्ही तरंगले. त्याला बरं वाटलं. मग त्याने कोयत्याच्या टोकाने दोन्हींना एकेक बारीक चीर दिली, ऊन-पाण्याने पडेल तेवढीच, आणि काठावर बसून बघत राहिला.

कोऱ्या बांबूचं एक पेर भरलं आणि पाणी तिथंच थांबलं. गाठीतल्या पडद्याने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. बांबू तरंगतच राहिला. त्याच्या हातचा बांबू मात्र त्या एका चिरेतून हळूहळू सबंध भरला, कारण आत अडवायला काही उरलंच नव्हतं. आधी एक टोक वाकलं, मग दुसरं. जमिनीवर जे औषध, ते पाण्यावर विष ठरलं होतं. बांबू आयुष्यभर हाताळला आणि गाठ कशासाठी असते हे आज समजलं, ह्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो तिथंच दगडावर बसून रडला. कुणी बघायला नव्हतं म्हणून नीट रडला.

उठला तेव्हा पुढचा पेच समोर होता. दिवस चांदण्याच्या पंधरवड्यातले. पौर्णिमा सरायची वाट बघावी तर खाली दोरावरचं सगळं पीक मरेल. अंधाऱ्या पंधरवड्याचा नियम त्याने सख्ख्या भावासाठी मोडला नव्हता. कोयता घेऊन तो बेटात शिरला, बेटाला कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "एवढ्या बारीला माफी असावी." मग तोडायला लागला. एकाही गाठीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मनीषने रजा टाकून पिकअप आणली. ह्या खेपेला कुशाबा स्वतः पुढे बसला. वाटेत धरणाचं पाणी लागलं तेव्हा त्याने सवयीने मान फिरवली. घाट उतरला, माणगाव गेलं, हवा चिकट झाली. मग एका वळणावर सुरूच्या झाडांमागून एकदम समुद्र समोर आला.

कुशाबा काचेकडे पुढे झुकला. मग त्याने मनीषला विचारलं, "पल्याडचा काठ कुटं हाय?"

"नाय मामा. नाय तो."

"कुटंतरी असंलच की."

"असेल. आपल्याला दिसत नाय."

कुशाबाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. का काढली ते त्याला सांगता आलं नसतं. देवळात शिरल्यावर काढावी तशी काढली, एवढंच. धरणाचं पाणी त्याने अडवलेलं पाहिलं होतं, गुमान बसलेलं. हे पाणी कुणी अडवलेलं नव्हतं. ते आपल्या मर्जीने येत होतं आणि आपल्या मर्जीने परत जात होतं, आणि एवढं मोठं असून काठावरच्या पोराच्या चपलेला हात लावून मागे फिरत होतं.

खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली होती. बायका होड्यांत तयार होत्या. शुभांगी कुशाबाशी बोलली नाही, फक्त होडीत जागा करून दिली. तराफा जवळ आला तसं कुशाबाला दिसलं, चार कोपऱ्यांवर निळी पिंपं आणि मधे मोडक्या खाटेसारखा खोल गेलेला बांबूंचा जाळीदार सांगाडा. लीलाबाईने वाकून एक दोर वर ओढला.

दोराच्या खालच्या हातभर लांबीवर काळा चिखल आणि उघड्या पडलेल्या रिकाम्या शिंपल्या होत्या. पण वरचा भाग पाण्याबाहेर आला आणि कुशाबा होडीच्या कडेवर ओणवला. मांडीएवढा जाड तो दोर. त्यावर गच्च, एकावर एक, हिरवी-निळी, ओली चमकणारी शिनाणी, मधे बोट घालायला जागा नाही. भाताची लोंबी भरते तसा दोर भरला होता. मातीचा कण नाही, शेणाची पाटी नाही, कुणी पाणी दिलेलं नाही.

"फडकं कुटं हाय बांदलेलं?" त्याने विचारलं.

"ते कवाच सडून गेलं," लीलाबाई म्हणाली. "आठ दिस बांधून ठेवायचं फकत. तवर ती आपल्या अंगातनं तंतू काडतात न् दोर धरतात. मग आपण सोडायचं. तीच धरून हायेत."

कुशाबाने हळूच बोट लावलं. प्रत्येक शिंपलीच्या पोटातून दाढीच्या केसांसारखे बारीक धागे निघून दोरात रुतले होते. त्याने एक ओढून बघितली. सुटली नाही. एवढा तो जीव, डोळा नाही, हात नाही, आणि भरती-ओहोटी सोसून धरून बसला होता. कुशाबाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

मग तो सगळ्या बायकांकडे वळला. "तुमचं काय चुकलं न्हाई," तो म्हणाला. "बांबू बुडला न्हाई. म्या बुडीवला." आणि गाठी फोडल्या, का फोडल्या, त्याने काय झालं, सगळं सांगितलं.

शुभांगी त्याच्याकडे बघत होती. "चांगलं करायला गेलात," ती शेवटी म्हणाली. आवाजात माफी नव्हती, पण रागही उरला नव्हता. "चला, भरती लागायच्या आत."

दोर न सोडता एकेक बुडालेला बांबू काढून त्याच्या जागी नवा बांधायचा होता. तेवढा वेळ तराफा कुणीतरी अंगावर तोलून धरायला हवा. मनीष पँट दुमडून पाण्यात उतरला आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन त्याने खांदा खाली दिला. आणि तेव्हा, ज्याने जन्मात गुडघ्यावर पाणी येऊ दिलं नव्हतं तो कुशाबाही होडीच्या कडेवरून उतरला. पायाखाली चिखल सरकला. त्याने डोळे मिटले, आज्याचं नाव घेतलं आणि मनीषच्या शेजारी आपला म्हातारा खांदा लावला. वर बायका काथ्याने गाठी आवळत होत्या. नवा बांबू एकेक जागी बसत गेला तसा खांद्यावरचा भार कमी होत गेला आणि थोड्या वेळाने कुशाबाला कळलं की आपण काहीच उचलत नाही आहोत. तराफा आपला आपण तरंगत होता. तरी दोघंही बराच वेळ तिथंच उभे राहिले.

काढलेले बांबू कडेला पडले होते. सरपणाला तरी होतील म्हणून लीलाबाईने त्यातला एक होडीत ओढला. त्याची खुंटी कधीच निघून गेली होती. बांबू तिरका झाला, तोंडातून पाणी भळाभळा पडलं आणि पाण्याबरोबर होडीत काहीतरी तडफडायला लागलं. तांबूस रंगाची, बोटाएवढी मासोळी. एक, मग आणखी दोन, मग कितीतरी. मागून एक बारकी चिंबोरी तिरकी चालत बाहेर आली, घरातून हाकलल्यासारखी नांग्या वर करून.

लीलाबाई थिजली. "तांबोशीची पोरा," ती म्हणाली. "मनीष, ही तांबोशीची पोरा हायेत रं! तू लहान व्हतास तवा बगितलेली ह्या खाडीत." आणि मग ओरडली, "परत टाका! पाण्यात टाका, मरतील!"

सगळ्या होड्यांत एकच धांदल उडाली. ओंजळींनी, तांब्यांनी, शुभांगीने तर पदरात धरून ती पिल्लं पाण्यात सोडली. बांबू जसा होता तसा परत खाली सोडला. कुशाबा छातीएवढ्या पाण्यात उभा राहून बघत होता. ती पिल्लं लांब पळाली नाहीत. पाण्यात एक गिरकी घेऊन परत त्या बांबूच्या तोंडाशी आली आणि एकेक करून आत शिरली. टोकापासून टोकापर्यंत मोकळी, अंधारी, मोठ्या माशाला शिरता येणार नाही एवढी अरुंद वाट. त्याने तापलेल्या गजाने, हात भाजून केलेली. बांबूच्या अंगावरही खडूच्या ठिपक्यांसारखी पांढरी कालवांची, एरवी खडकालाच चिकटणाऱ्या शिंपल्यांची, पोरं बसली होती. लीलाबाईने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आमी खडूक शोधत फिरतो. ह्यांनी तुझं बांबू शोधलं, दादा."

मनीषचा फोन होडीत वाजत होता, कॅबच्या कंपनीचा. त्याने तो शुभांगीकडे दिला आणि म्हणाला, "उद्या येत नाय म्हणून सांग." मग थोडं थांबून म्हणाला, "परवापण नाय."

कुशाबा एसटीने परत आला. चंद्रकलेने समुद्र कसा आहे विचारलं, तर त्याने आधी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "त्येला पल्याडचा काठ न्हाई. आणि त्येच्या पोटात शेत हाय." चंद्रकलेला वाटलं, ऊन लागलं असावं.

पाऊस लागायच्या आधी लीलाबाई आली. पाटी डोक्यावर नव्हती, मनीषच्या हातात होती. ओल्या गोणपाटाखाली जिवंत शिनाणी. खालच्या दोरांचं पीक गेलं ते गेलंच होतं, ठरवलं होतं तेवढं आलं नव्हतं. पण होडी विकली नव्हती. चंद्रकलेने आंबेमोहोर शिजवला आणि ओटीवर सगळे जेवले. मापावरून भांडण झालंच.

निघताना मनीष म्हणाला, "मामा, शुभांगीने सांगितलंय. पुढच्या खेपेला दोन तऱ्हेचे बांबू पाहिजेत. वर तरंगायला गाठीचे. आणि खाली ठेवायला तुमच्या हातचे, आरपारचे."

कार्तिकात अंधारा पंधरवडा लागला. कुशाबाने बांबू तोडले, दोन राशी केल्या आणि दुसऱ्या राशीशी बसून गज तापवायला घेतला. चंद्रकला चहा घेऊन आली आणि तिचं धाबंच दणाणलं.

"अवं, काय करताय? परत फोडताय? त्या पोरीचं पीक घालवणार हायसा का पुन्यांदा?"

कुशाबाने तापलेला गज आत घातला. पडदा फुटल्याचा आवाज आला. त्याने बांबू डोळ्याला लावून आरपार बघितलं, पलीकडे उजेडाचा गोल ठिपका दिसला. मग बायकोकडे बघून तो हसला, तोंडभर, पोरासारखा.

"अगं, ह्यो बुडवायचाच हाय," तो म्हणाला.